अर्ध्या मिलिलिटरची तपासणी

धार, शनिवार

तीर्थरूप चारूअक्कांना, धाकट्या भास्करचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येईल तेवढं). दाजींचे गुडघे कसे आहेत, टेकडीच्या पायऱ्या चढायचा हट्ट त्यांनी सोडला का, आणि तुमची झोप कशी आहे, ते सविस्तर कळवावं. आम्हा उभयतांचं बरं चाललं आहे. बाकी गाव खोकतंय. महिना होत आला, पोह्याच्या ठेल्यावर माणूस जलेबी तोंडात घालायच्या आधी शेजाऱ्याकडे बघतो, आणि शेजारी नाक पुसत असला तर पुडा घेऊन रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो.

तुम्ही परवा फोनवर "घेतलीस का?" एवढंच विचारलंत आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलात. उत्तर लांबलचक आहे, म्हणून कागद घेऊन बसलो. दुसरं कारण असं की आमच्या घरात फोनवर एकट्याला बोलता येत नाही. मी "हॅलो" म्हटलं की सीता स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करते. (एरवी मी हाका मारत असलो तर तो सुरूच असतो.)

तुम्हाला माहीतच आहे, आपल्या उर्वशीला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे लग्नातच ठरलेलं. मी तिची खोली रंगवून घेतली, खिडकीला मच्छरजाळी बसवली, सीतेनं डिंक आणून उन्हात घातला. आणि मग तुमच्या देवासहून उर्वशीचा फोन आला. आई-बाबा दोघांनी फ्लूची लस घ्यायची, वर दोन आठवडे जाऊ द्यायचे, मगच मी येईन. नाहीतर इथे सासूबाई आहेतच. तिनं स्वतः तिच्या डॉक्टरणीच्या सांगण्यावरून आधीच घेतली होती. ओरडली असती तर मी समजूत घातली असती, पण ती इतक्या थंडपणे बोलली की मला माझाच नोकरीतला आवाज आठवला. (सासूबाई सज्जन आहेत, वाद नाही. पण मागच्या दिवाळीला त्यांनी अनारशाला "मीठी मठरी" म्हटलं, ते सीतेच्या मनातून जात नाही. त्यांच्या हातचा डिंकाचा लाडू आपल्या मुलीनं खायचा, या कल्पनेनंच तिचं जेवण गेलं.)

आता अक्का, मी अडाणी नाही. लसीशी माझं वैर नाही. पण नापतौल खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक राहिलेला माणूस कोणी "घ्या, चांगलं आहे" म्हटलं की आधी पारड्याच्या खाली बघतो. सतवासच्या मंडीत पारड्याला खालून चिकटवलेला चिंचेचा गोळा मी नुसत्या पारड्याच्या आवाजावरून पकडला होता. अशा माणसाच्या दंडात कोणीतरी, कुठूनतरी आलेलं, पाण्यासारखं दिसणारं काहीतरी घालणार, आणि त्यानं मान वळवून बसायचं? तरी मी गेलो. चौकापलीकडच्या दवाखान्यात आपल्या गल्लीतली कमलसिस्टर असते, म्हणून तिथेच गेलो. कमल निसरपूरची. गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हापासून तिनं इतके साहेब आणि इतके कागद पाहिले आहेत की माझ्यासारख्याला ती भीत नाही.

मी रीतीनं विचारलं. ही किती? म्हणाली, अर्धा मिलिलिटर. कशावरून? सुईवर रेघ आहे. रेघ कोणी तपासली? कंपनीनं. म्हणजे विकणाऱ्यानंच! बरं, फ्रिज किती थंड? तिनं दार उघडून आतलं थर्मामीटर दाखवलं, दाराला लावलेला रोजचा तक्ता दाखवला. मी विचारलं, थर्मामीटर कोणी तपासलं? यावर कमलनं फ्रिजचं दार लावलं. मागे रांग लागलेली, त्यातली कडेवर पोर घेतलेली एक बाई म्हणाली, "बाऊजी, लगवाना हो तो लगवाओ, नी तो आगे बढ़ो." मी सदऱ्याची बाही खाली केली आणि मानानं बाहेर पडलो. (चष्मा तिथेच राहिला. सीता जाऊन घेऊन आली.)

पोह्याच्या ठेल्यावर मात्र माझं स्वागत झालं. आमचा फत्तेसिंग तुम्ही उर्वशीच्या लग्नात पाहिलात, मिशीवाला, धार-कुक्षी रस्त्यावर तीस वर्षं बस चालवली तो. त्यानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "शाबास भास्कर भिया! अपने को कुछ नी होता. मैंने तो आज तक सुई देखी नी." अशा रीतीनं धारमध्ये न टोचणाऱ्यांचा एक पक्ष निघाला, त्यात दोन माणसं होती, आणि मी अध्यक्ष होतो.

यानंतर घरात एक संशयास्पद गोष्ट घडली. सीता गप्प झाली. आधी दिवसातून चार वेळा लसीचा विषय निघे, तो एकदम बंद. उलट दोन दिवसांत दोनदा तुपात बुडवलेले दालबाफले. छत्तीस वर्षांच्या संसारात मागितल्याशिवाय बाफले मला फक्त एकदा मिळाले होते, आणि तेव्हा तिच्या भावाला आपल्याकडे तीन महिने राहायला यायचं होतं. मी सावध झालो. तेवढ्यात एक तारीख आली. डॉक्टरनं मला महिन्याला एक बी-बाराचं इंजेक्शन सांगितलेलं आहे, ते कमल घरी येऊन देते. आली, दिलं, चहा न घेता गेली. (चहा न घेता!) संध्याकाळी दंड दुखायला लागला. अंगही कढत वाटलं. मी हिशेब जुळवला: कमल दवाखान्यातली, सीता तिची मैत्रीण, उर्वशीचा हुकूम, बाफले. मला माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर, बी-बाराच्या नावाखाली लस टोचण्यात आली होती.

खात्याच्या पद्धतीनं मी आधी पुरावा ताब्यात घेतला. म्हणजे मागच्या अंगणातला कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. दुधीच्या सालांत काचेची रिकामी कुपी सापडली. भिंग लावून वाचली. बी-बाराच होती. तळाशी थेंबभर औषध राहिलं होतं, तेही लालभडक. (हे औषध लाल असतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, कारण टोचताना मी दर वेळी भिंतीकडे बघतो. हे कोणाला सांगू नये.) मी कुपी हातात धरून उकिडवा बसलेलो असताना सीता मागे येऊन उभी राहिली. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"तुम्हाला फसवून टोचायचं असतं तर मी एवढे दिवस तोंड वाजवलं असतं का?" ती म्हणाली. "मी माझी घेऊन आले, तुमचा चष्मा आणायला गेले त्याच दिवशी. आठवडा झाला. दोन दिवस उजवा हात वर होत नव्हता, डाव्या हातानं पोळ्या लाटल्या. तुम्हाला दिसलं नाही. सगळ्या गावाचे तराजू बघत फिरलात ना तुम्ही?"

एवढं बोलून ती साली गोळा करायला लागली. मी मदत केली, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. बाफल्यांचं कारणही नंतर कळलं: पीठ जुनं होत चाललं होतं.

पुढचं सांगताना मला थट्टा सुचत नाही, तरी सांगतो. त्याच आठवड्यात फत्तेसिंग दोन दिवस ठेल्यावर आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, भवानीबाईंचा फोन आला, की रिक्षा घेऊन या, मुलगा पुण्यात आहे, मला एकटीला उचलवत नाहीत. जाऊन बघतो तर तो ओट्यावर दोन्ही हात टेकून बसलेला, ओठ निळसर, आणि एक वाक्य बोलायला तीनदा थांबत होता. मोठाली गाडी घाटातून काढणारा माणूस रिक्षाची पायरी चढेना. रुग्णालयात लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, फ्लू छातीत उतरला आहे, वय आहे, साखर आहे, दोन दिवस काही सांगता येणार नाही. लस घेतली असती तर बहुधा इतकं झालं नसतं, असंही म्हणाले, आणि मी भिंतीवरचा फलक वाचायला लागलो.

तोंडाला मास्क बांधून मी दिवसा भवानीबाईंबरोबर तिथे बसत होतो. तिसऱ्या दुपारी त्यानं डोळे उघडले, नळी जरा बाजूला केली आणि मला म्हणाला, "तूने लगवाया?" मी मान हलवली, नाही. त्यानं नळी परत लावून दोन श्वास घेतले. मग म्हणाला, "तो यहाँ कायको बैठा है? जा ना. तेरे घर बच्चा आने वाला है." एवढंच. आणि तोंड फिरवलं. अक्का, अध्यक्षाला पक्षातून असं काढण्यात आलं.

मीही त्याच्यासोबत एकाच बाकावर बसून पोहे खाल्लेले. सीतेपासून लांब राहावं म्हणून त्या दुपारपासून चार दिवस मी उर्वशीच्या खोलीत वेगळा राहिलो. ताट दारात यायचं. मला ना ताप आला ना खोकला. नुसता बसून होतो. सीतेनं जुन्या लुगड्याची शिवलेली दुपटी कोनाड्यात घडी करून ठेवलेली. खिडकीची जाळी मीच उभं राहून बसवून घेतलेली, सुताराला तीनदा कोपरे उघडायला लावले होते, डास शिरेल म्हणून. आणि मी स्वतः दारानं आत येऊन बसलो होतो. फत्तेसिंगला हे महिनाभरानं झालं असतं आणि उर्वशी आलेली असती तर, असा विचार एकदा आला तो जाईना. मला राग येत होता, पण तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं, कारण खोलीत मी एकटाच होतो.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी चप्पल घालत होतो. दवाखान्यात फार गर्दी नव्हती. मी काहीही विचारायचं नाही असं ठरवून खुर्चीत बसलो. कमलनं सुई बाहेर काढली, माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि विचारल्याशिवायच सगळं वाचून दाखवलं: नाव, तारीख, किती, फ्रिजमध्ये आज किती अंश. म्हणाली, "ऐकून घ्या बाऊजी, नाहीतर तुम्ही घरी जाऊन डबा उपडा कराल." (म्हणजे सीतेनं सांगितलेलं आहे. या गावात काही गुप्त राहत नाही.) मी या वेळी भिंतीकडे बघितलं नाही. बघण्यासारखं विशेष काही नसतं. दीड दिवस दंड दुखला, तोही त्या कुशीवर झोपलो तरच. फत्तेसिंग काल घरी आला. मिशी आहे, मागचा माणूस अर्धा झाला आहे. ओट्यापासून फाटकापर्यंत काठीनं चालतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, लगवाया क्या?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घेतली. दाजींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (या खेपेला खरोखर),
भास्कर

ता. क. उर्वशीला आनंदानं फोन केला तर तिचा विश्वास बसेना. म्हणाली, आईला द्या. आईनं हो म्हटलं तर म्हणाली, तू त्यांना सांभाळून घेतेस. शेवटी कमलला घरी बोलावून फोनवर उभं केलं, तेव्हा कुठे पटलं. मग खोलीला रंग कोणता दिला ते विचारलं. दोन आठवडे झाले की यशराज (आमचे जावई) तिला गाडीतून आणून सोडणार आहेत. सीतेनं डिंक तळायला घेतला आहे.

ता. क. दुसरा. आता खरं काय ते लिहितो, कारण एवढं लांब पत्र उगाच कोणी लिहीत नाही. काल दाजींचा फोन आला होता. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते कुजबुजतात तेव्हाही देवासच्या बसस्टँडपर्यंत जातं. त्यांच्याकडून कळलं की सगळ्या नातेवाइकांना लस घ्या म्हणून फोन करणाऱ्या आमच्या अक्का स्वतः दोनदा दवाखान्याच्या दारातून परत आल्या. एकदा रांग फार होती म्हणून (दाजी म्हणतात, दोन माणसं होती), आणि एकदा गॅस बंद केला की नाही ते आठवेना म्हणून. तुम्ही एकाहत्तरच्या, आणि बारशाला मांडीवर बाळ घेऊन बसायचा मान तुमचा. मंगळवारी पहिल्या बसनं मी येतो आहे. हे पत्र फत्तेसिंगच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतो, उद्या दुपारी मिळेल, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. सैल बाहीचा ब्लाऊज घालून तयार राहा. मी आत शेजारी बसेन.

मी पहिलीत असताना शाळेत देवी टोचायला माणूस आला होता, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही पाचवीत. तुम्ही माझा दंड धरून "आधी ह्याला" म्हणालात, आणि मी डोळे उघडेपर्यंत मागच्या दारानं गेलात. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, अक्कालाही टोचली. आज एकसष्ट वर्षं मी ही गोष्ट कोणाला बोललेलो नाही. मंगळवारी तुम्ही घरी नसलात तर मात्र मला ती दाजींना सांगावी लागेल, आणि दाजींना काही सांगायचं म्हणजे ते केवढ्यानं ओरडून सांगावं लागतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.