वापरणाऱ्याची चूक

दि. ११ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

इतके महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागतो. कामाचा व्याप होता असं लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरं नाही. तुम्हाला लिहायचं तर नीट लिहावं, या विचारात मुळीच लिहिलं गेलं नाही. डोळ्यांची सूज उतरली का? मामींचा गुडघा काय म्हणतो? (मामी, पत्र तुम्हीच त्यांना वाचून दाखवाल असं धरून चाललोय. कंसातला मजकूर तेवढा मनातल्या मनात वाचा.)

मी आणि माझा दाढीवाला मित्र जो ‘वाचक’ चालवतो, म्हणजे पुस्तकाच्या पानाचा फोटो दिला की मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, तो फुकट असल्यामुळे त्याच्याबद्दल तक्रारी फार येतात. त्याचा कोड जिथे ठेवलाय तिथेच या तक्रारींची यादी असते. आमच्यात एकेका तक्रारीला इश्यू म्हणतात. नोकरीवरून येऊन ती यादी उघडायचं जिवावर यायचं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही एक एआय एजंट ठेवला. त्याला आम्ही कारकून म्हणतो. तक्रार वाचायची, तिच्यावर शिक्का मारायचा, सारख्या असतील त्या एकत्र बांधायच्या, किरकोळ दुरुस्ती स्वतः करायची आणि जिच्यात दम नाही ती गोड बोलून बंद करायची, हे त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात यादी निम्मी झाली. बायको म्हणाली, "माळा आवरायला येईल का रे तो?"

त्याला सूचना लिहून द्याव्या लागतात, त्या मी लिहिल्या. कोणाचं मन दुखावू नये म्हणून तीन पानं लिहिली. दाढीवाला म्हणाला, "अरे, कारकून ठेवलाय, जावई नाही आणलेला." त्यातच मी एक वाक्य घातलं: तक्रार करणारा स्वतःच चूक आपली आहे म्हणत असेल, तर त्याच्याशी वाद न घालता आभार मानावेत आणि तक्रार बंद करावी. लिहिताना हे मला फार सभ्यपणाचं वाटलं होतं.

झालं असं की, एका गृहस्थाने ‘बटणाचा रंग बघून मळमळतं, लाज वाटू द्या’ असं खडसावलं, तर त्याला त्याच दुपारी नवा रंग मिळाला. आणि तुम्ही! (माझ्या लग्नात मामा पाय मोडलेल्या खुर्चीवर अख्खं जेवण तोलून बसले होते, आठवतंय ना मामी? वर म्हणाले, मला अशीच आवडते.) तुम्ही लिहिलंत: ‘चि. भाच्यास आशीर्वाद. वाचक उत्तम चालतो. रहस्यकथेच्या दर पानाची शेवटची ओळ मात्र ऐकू येत नाही. कान माझेच गेले असावेत. खुनी कोण तेही कळलं नाही, हल्लीचे लेखक सांगत नसतील. चूक माझीच असणार, तू त्रास घेऊ नकोस.’ कारकुनाने त्रास घेतला नाही. प्रांजळपणाबद्दल आभार मानून, ‘वापरणाऱ्याची चूक’ असा शिक्का मारून त्याने ती बंद केली. तुम्ही पुन्हा लिहिलंत, आणखी नम्रपणे. पुन्हा तोच शिक्का.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मग मामींचा फोन आला. "अरे, यांनी तुझा वाचक सोडला. डॉक्टर नको म्हणतात तरी भिंग घेऊन उन्हात बसतात. बोलायला गेलं की म्हणतात, भाच्यानेच लेखी कळवलंय, चूक माझी आहे."

मामा, त्या उत्तराखाली नाव माझं होतं. (बिननावाचं उत्तर रुक्ष वाटतं, हीसुद्धा माझीच सूचना.)

मी तुमची तक्रार पुन्हा उघडली, तर कारकुनाने तुमच्याच कबुलीचा दाखला देऊन ती परत बंद केली. मी त्याला तुमच्या स्वभावाबद्दल एक परिच्छेद लिहिला. त्याने मौलिक माहितीबद्दल आभार मानले. बायको म्हणाली, "मामांसाठी त्याच्याशी काय भांडतोस? मामांशी बोल की." म्हणून परवा तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "सगळं उत्तम रे, वाचक तर झकास." फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही. कारकुनाला निदान मी तसं शिकवलं होतं. मला कोणी शिकवलं?

दोष सापडलाय. आमचा प्रोग्रॅम पानाची शेवटची ओळ पान क्रमांक समजून गाळत होता. तुमचे कान शाबूत आहेत आणि लेखकाने खुन्याचं नाव सांगितलेलं आहे. कारकुनाला मी काढून टाकलं.

तुमचा,
भाचा

ता. क. दुरुस्ती केली आहे, पण ती तपासायला तुमच्याइतकं मन लावून ऐकणारं कोणी नाही. भिंग ठेवून द्या आणि ती रहस्यकथा पहिल्यापासून लावा. ओळ गळली तर लिहा. फक्त सुरुवातच ‘चूक तुझी आहे’ अशी करा. (मामी, त्यांच्याने होणार नाही. तुम्ही लिहा, तुम्हाला जड जाणार नाही.)

ता. क. २. कारकुनाला काढलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. सकाळी यादी पाहिली आणि धीर झाला नाही. तुमच्या नावाने येणारं काहीही त्याने उघडायचं नाही, एवढंच बजावलंय.

(माझ्या वहीत) उद्याचं काम: मामांना फोन करणे, "उत्तम" म्हणाले तर फोन न ठेवणे.