चार वाजताची वाटी

तीर्थरूप अक्का,

धाकट्याचा नमस्कार लांबूनच घे. (साष्टांग घालणार होतो, पण दुकानात जमिनीवर टाचण्या सांडल्या आहेत आणि तुझा आशीर्वाद पोहोचेपर्यंत त्या काही दम धरणार नाहीत.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून घरातलं काम सांगितलं की तेवढ्यापुरता परत येतो? आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे ही बरी आहे, माझी कंबर कापड बेतायच्या टेबलाला वाहिलेली आहे आणि बाबा तसेच आहेत. आईला जाऊन सात आठवडे झाले, त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. ताट पुढे केलं तर चार घास खातात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. मी धरून नेलं तर न्हाणीघरापर्यंत जातात, नाहीतर पलंग सोडत नाहीत.

तुझं पत्र मिळालं. तू रविवारी झाकणाची टोपली घेऊन येणार आणि गुंडीला तुझ्या ओळखीच्या रोपवाटिकेवाल्याकडे सोडणार, हे वाचलं. तुझं म्हणणं खोटं नाही. आजारी माणसाच्या घरात कुत्र्याचं पिल्लू म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आईनं जायच्या महिनाभर आधी ते कुठून उचलून आणलं, का आणलं, हे तिलाच ठाऊक. पण शेवटच्या दिवशी तिनं माझा हात धरून सांगितलं ते एवढंच, की गुंडीला उपाशी ठेवू नकोस. (माझ्याबद्दल काही बोलली नाही, तुझ्याबद्दलही नाही. तुला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस सांगितलं नव्हतं. आता दोघं मिळून वाईट वाटून घेऊ.) त्यामुळे पिल्लू द्यायचं की ठेवायचं ते रविवारी बघू, पण तोवर ते जगलं पाहिजे, आणि गेल्या पंधरवड्यात तेच कठीण होऊन बसलं होतं. सगळं सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

आई गुंडीला काय द्यायची ते तुला माहीत आहे. दुपारी चारच्या ठोक्याला, वरच्या तिच्या शिवणाच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, कोमट दुधात कुस्करलेला पाव. ती गेल्यावर हिनं तेच चालू ठेवलं. पण पिल्लाच्या बरगड्या मोजता यायला लागल्या, तेव्हा मी तिला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, दूध हिला पचत नाही, ते कायमचं बंद. पिल्लांचे कोरडे दाणे मिळतात ते कोमट पाण्यात भिजवून द्या. पण एकदम नाही. आधी तीन भाग पाव आणि एक भाग दाणे, मग निम्मं निम्मं, असं करत दहा दिवसांत पूर्ण दाण्यांवर आणा. दुधाऐवजी पाणी. त्यांनी कागदावर लिहूनही दिलं, आणि मी, चाळीस वर्षं लोकांची मापं घेणारा माणूस, तो कागद खिशात घालून तोऱ्यात घरी आलो.

घरी येऊन वाटीवर खडूनं खुणा केल्या. आणि इथंच घात झाला. मी मापाबरहुकूम दाणे घातले आणि वर बोटभर जास्त घातले. का, तर वाढतं अंग आहे. अक्का, ही सवय कुणाची ते तुला सांगायला नको. आपले शाळेचे कपडे आठव. आईनं कधी अंगाबरोबर शिवले का? बाही बोटभर लांब, विजार बोटभर सैल, कुणी काही बोललं तर म्हणायची, वाढतं अंग आहे. मला कात्री धरायला तिनंच शिकवलं, त्याबरोबर हे बोटही हातात आलं. तर त्या बोटभर दाण्यांनी दुसऱ्याच दिवशी गुंडीचं पोट सुटलं, ते नेमकं एका वकिलांच्या काळ्या कोटावर. कोट उलटा पसरला होता म्हणून अस्तरावरच निभावलं. (अस्तर बदललं. वकिलांना म्हटलं, तुमच्यासाठी खास वरच्या दर्जाचं घातलंय. ते खूश झाले. तू कुठं बोलू नकोस.)

डॉक्टरबाईंनी विचारलं, मोजून दिलं होतं ना? मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कपड्याला आत दाबायला जागा असते. आतड्याला नसते." अर्धा दिवस पोटाला आराम, मग मऊ भात आणि पाणी, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी मी एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. चार दिवस सगळं कसं इस्तरी केल्यासारखं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच, आणि आधीपेक्षा जास्त. पिल्लू चिंधीसारखं पडून राहिलं. बाईंनी तपासलं आणि या वेळी आवाज चढवला नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. म्हणाल्या, हिला घरात कुणीतरी दूध देतंय. एवढासा जीव आहे, आणखी दोन दिवस असंच चाललं तर सुकून जाईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही.

घरात माणसं तीन. मी दिलं नव्हतं. हिनं दिव्यासमोर हात धरून सांगितलं की तिनं दिलं नाही. उलट दोन दिवस कपभर दूध कमी भरतंय आणि तिचा संशय माझ्या चहावर होता, हे त्या निमित्तानं बाहेर आलं. (ते भांडण वेगळं, ते पुढं कधीतरी.) राहिले बाबा, ते तर कुशीवर वळायलाही माझी वाट बघतात. मग मी पिल्लावर नजर ठेवली. अक्का, बरोबर चार वाजता गुंडी टेबलाखालून उठली. उठायचं त्राण नव्हतं तरी उठली. कान टवकारले, कुणी हाक मारावी तशी जिन्याकडे बघितलं आणि एकेक पायरी चढत वर गेली. मला काही ऐकू आलं नाही. हातातलं गिऱ्हाईक सोडून मी वर पोचेपर्यंत ती आईच्या खोलीतून बाहेर येत होती, तोंड पांढरं, जीभ फिरवत. त्या खोलीची कडी मी स्वतः लावली होती, ती निघालेली. आत चिटपाखरू नाही. आणि खिडकीत आईची वाटी, धुतलेली, पालथी घातलेली, कडेनं पाणी ठिबकत होतं. वाटी पालथी घालायची पद्धत आपल्या घरात फक्त आईची. ही उताणीच ठेवते.

खाली येऊन मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, सासूबाई असत्या तर आधी मला हाक मारून विचारलं असतं, वाटीला हा डाग कसला. ते मलाही पटलं, पण त्या रात्री दिवा मालवायला दोघांपैकी कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी मी खडू कुटून त्याची पूड वस्त्रगाळ केली आणि उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत भुरभुरली. साडेचारला जाऊन पाहिलं. गुंडीची पावलं. त्यांच्या शेजारी काठीच्या टोकाचे गोल ठसे. आणि सपातांचे ठसे, उजवी सपात फरफटलेली. अक्का, उजवा पाय कोण ओढत चालायचं? मी तिथंच खाली बसलो, सगळी पूड विजारीला लागली.

काल मी पावणेचारलाच त्या खोलीत, तयार कपडे टांगायच्या दांडीमागं, दोन कोटांच्या मधे उभा राहिलो. (माझं पोट लपेल असा कोट दुकानात एकच आहे, तो त्या वकिलांचा, त्यांनी अजून नेलेला नाही.) चार वाजले. जिन्यावर गुंडीची नखं वाजली. मग सपाता. फरफट, टक. फरफट, टक. कडी निघाली. मी डोळे मिटले, मग म्हटलं, चाळीस वर्षांचा संसार केलेला माणूस तू, उघड. उघडले, तर बाबा. आपले बाबा, स्वतःच्या पायांनी, आईची काठी घेऊन, आईच्या सपातांत अर्धी पावलं घालून, टाचा मागं लोंबताहेत. सपाता लहान म्हणून एक पाय ओढताहेत. ते स्टुलावर बसले. खुर्ची मला कोटामुळे दिसत नव्हती, पण लपलप आवाज येत होता. मला हसू आलं आणि रडूही आलं. म्हणजे भूत नाही, भानगड नाही, सात आठवडे पलंगाला खिळलेला माणूस सगळ्यांचा डोळा चुकवून पिल्लाला दूध पाजतोय. आम्ही एवढे घाबरलो ते उगीचच. तेवढं कळवायला हे पत्र. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी ये, पण टोपली आणू नकोस. पत्रभर जी मला मागता आली नाही ती गोष्ट हीच. बाबा त्या पिल्लापायी उठतात. पिल्लू गेलं तर ते परत भिंतीकडे तोंड करतील, आणि मग मला काही त्यांना उठवता येणार नाही. अक्का, मी तुझ्यापुढं आजवर कधी हट्ट धरला नाही. (सायकलचा सोडून.)

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट गाळली. मी कोटांमागून बाहेर आलो तेव्हाही लपलप चालूच होतं, आणि बाबांचे दोन्ही हात काठीवर होते. गुंडी त्यांच्याकडं बघत नव्हती, खुर्चीकडं बघत होती. मी विचारलं, बाबा, दूध तुम्ही देता? तेव्हा सात आठवड्यांत पहिल्यांदा ते बोलले. म्हणाले, "मला कुठं माप कळतं? ती देते. मी नुसता सोबतीला बसतो." मी काय करणार. घसा साफ केला आणि म्हटलं, मग तिला सांगा, डॉक्टरांनी दूध बंद केलंय. दाणे फडताळात आहेत, वाटीवर खडूची खूण आहे, तेवढेच, कोमट पाण्यात. बाबांनी मान हलवली आणि खुर्चीकडं बघितलं.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं राहून गेलं, आज पाचवा दिवस. दूध कमी भरत नाही. गुंडीचं पोट घट्ट झालं आणि ती मोजपट्टी चावते. आज बाईंकडे नेलं तेव्हा म्हणाल्या, आता थोडं वाढवायला हरकत नाही. ही सकाळपासून तिच्या बहिणीकडे गेली आहे, त्यामुळे हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं. दुपारी बाबा आपणहून खाली दुकानात आले, म्हणून नव्या सदऱ्याचं माप घेत होतो. (छाती दोन इंच उतरली आहे.) चार वाजले. बाबा म्हणाले, आज उशीर झाला. मी त्यांना धरून वर नेलं. कडी निघालेली होती. वाटी खुर्चीपुढं ठेवलेली, दाणे भिजलेले, पाणी कोमट. आणि खडूच्या खुणेच्या वर बोटभर. मी ते काढून घेतले नाहीत. वाढतं अंग आहे.