ताटली आणि भरती

बाबा, तुझ्या झोपेचं कोडं मला सुटलं त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी तुला सांगायला बसायचा धीर आज होतोय. देवी आल्या आणि तुझे दोन्ही डोळे घेऊन गेल्या तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणून मला आठवतोस तो आंधळाच. खाडीवरच्या घराच्या पडवीत बसून तू जाळी विणायचास आणि तुझ्या झोपेचा मेळ घरात कुणालाच लागायचा नाही. आज पहाटे उठलास, तर आठवड्यानं तुझी सकाळ आमच्या जेवणवेळेला उजाडायची. पंधरा दिवसांनी तू अख्खी रात्र जागा आणि दिवसा घोरतोयस. आय वैतागून म्हणायची, "तुज्या बापसाच्या डोल्यांत दिवसच शिरत न्हाय, त्याला काय सकाल नि काय दुपार!" आय अक्षरशत्रू होती, पण पुढं मी जीवशास्त्र शिकले, तीस वर्षं पोरांना शिकवलं, तेव्हा कळलं की तिनं वैतागात खरं तेच सांगितलं होतं. माणसाच्या मेंदूत एक बारीकसं घड्याळ असतं, आणि ते बहुतेकांचं थोडं मागं पडणारं असतं. डोळ्यांतून उजेड आत जातो आणि रोज सकाळी त्याचे काटे जागेवर आणतो. तुझ्या आत उजेड जात नव्हता, म्हणून तुझा दिवस रोज थोडा थोडा पुढं सरकत होता.

गावानं मात्र वेगळंच ठरवलं. भरतीही रोज दोन घटका उशिरानं येते, आणि त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या तेव्हा तुझं जागं होणं आणि खाडीत पाणी भरणं अगदी गाठीला गाठ बसल्यासारखं जुळलं. काका म्हणाला, "दर्यानं याचे डोले नेले नि आपली झोप याला दिली." झालं! घासलेटचा रिकामा डबा तुझ्या हातात आला. पाणी भरायला लागलं की तू काठी टेकत खाडीवर जाऊन तो बडवायचास, "पानी आयलं रे, उठा!" आणि त्यावर सात होड्या बाहेर पडायच्या. आपल्या खाडीच्या तोंडाशी गाळ. पाणी उतरलं की होडी बाहेर निघत नाही, हे तुला मी काय सांगणार. तिथीवरून भरती सांगणारे म्हातारे मोजायचं सोडून बिनघोर झोपू लागले. इतकी वर्षं 'बिचारा' म्हणून घेतलेला तू ताठ चालायला लागलास. बाबा, तुला तसा चालताना बघून मला फार अभिमान वाटायचा.

पण तुझा दिवस भरतीच्या दिवसापेक्षाही चिमूटभर लांब होता. रोजचं मिनिट-दीड मिनिट, कुणाच्या लक्षात न येणारं. दसऱ्याच्या सुमारास एकदा मला जाग आली, तर होड्या बांधायच्या खुंटांवर पाणी आपटतंय आणि तू गाढ झोपलेला. तुला हलवलं असतं तर दर्या तुला उठवत नाही हे तुला कळलं असतं, आणि कळलं असतं तर तो डबा तुझ्या हातात राहिला नसता. मी चुलीपाशी गेले आणि ताटली जमिनीवर आपटली. तू दचकून उठलास आणि म्हणालास, "पानी आयलं." त्यानंतर रोज तेच. पाण्याच्या आवाजावर कान ठेवून मी निजायची, पाणी भरलं की ताटली आपटायची. तू दिवसेंदिवस पेंगुळलेला, चिडका होत गेलास, कारण तुझ्या शरीराच्या मते ती अजून रात्रच होती. हे मला तेव्हा कुठं ठाऊक? मला एवढंच ठाऊक होतं की एक दिवस जरी चुकले तरी संपलं.

आणि दिवाळीच्या तोंडावर तू मला काकासमोर, चार बायकांसमोर झापलंस. "घरात काय आदलआपट करतंस गं रोज? आंधल्याचे कान तरी ऱ्हाऊ दे! मना दर्या उठवतो, तुजी ताटली नको." बायका हसल्या. मी चौदा वर्षांची होते, पंधरवडाभर सलग झोपले नव्हते. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरती उजाडताना होती. डबा वाजलाच नाही. उन्हं अंगावर आली तेव्हा कुणीतरी बोंब ठोकली, आणि सगळे उतरत्या पाण्यात घाईनं होड्या लोटायला लागले. काकाची होडी तोंडाशी गाळात बसली, कलंडली, आणि त्याचा पाय होडी नि तिथं रोवलेल्या खुंटाच्या मधे सापडला. त्याच्या ओरडण्यानं तू जागा झालास. अंगणात येऊन विचारत राहिलास, "पानी किती हाय? कुनी सांगा, पानी किती हाय?" सगळे काकाकडे धावत सुटले होते. मीही तुझ्या अंगावरून तशीच पुढं धावले. काका जन्माचा लंगडा झाला. डबा गजराचं घड्याळ असलेल्या एकाकडे गेला. "दर्यानं टाकला याला," लोक म्हणाले, आणि तूही तेच धरून बसलास. खाडीकडे पाठ करून जाळी विणायला लागलास.

दर्यानं तुला कधी धरलंच नव्हतं बाबा, मग टाकणार कुठून? दोन घड्याळं काही दिवस बरोबर चालली आणि मग सुटली, त्यात ना तुझा गुण ना दोष. पुस्तकात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शाळेच्या खोलीत एकटी बसून रडले. पण पुस्तकात त्या सकाळचं काही नव्हतं.

तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात मला जवळ बोलावून हळूच विचारलंस, "त्या दिशी तुला झोप लागली व्हती ना गं?" म्हणजे ताटलीचं तुला कळलं होतं, कधीपासून, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. मी म्हटलं, "व्हय." तू म्हणालास, "मंग बरं," आणि कूस वळवलीस.

हा कागद मी कुठं धाडणार? घडी करून त्याच ताटलीखाली ठेवीन. ती अजून माझ्याकडे आहे. मला झोप लागली नव्हती, बाबा. पाणी खुंटांवर आपटत होतं, आणि मी ताटली दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरली होती, चुकूनसुद्धा वाजू नये म्हणून.