नेटवर्क नसलेले आठ दिवस

५ सप्टेंबर १९९५, मंगळवार

टोर्विकला पोचले. बस अर्धा तास लवकर आली, तरी टीव्ही स्टेशनचे मालक ऑर्व्हिल स्टेन्सरुड स्वतः घ्यायला उभे होते. साठीचा, उंच, जरासा वाकलेला माणूस. दोन्ही बॅगा त्यांनीच उचलल्या. स्वच्छ ऊन होतं, दोन्ही बाजूंना कापून झालेली गव्हाची शेतं, आणि त्यात एकच उभी रेघ: आमच्या चॅनल पाचचा मनोरा. आमच्या म्हणायला आजपासून हरकत नाही.

माझं काम सोपं आहे. रोज कुठल्या वेळी काय दाखवलं त्याची नोंद ठेवायची, आणि उरलेल्या वेळात स्टेशनचा चाळीस वर्षांचा इतिहास लिहून काढायचा. जाहिरातीत "शांत स्वभावाची व्यक्ती हवी" असं होतं. कोरिन म्हणाली होती, ताई, ही तर तुझ्यासाठीच काढलेली जागा आहे.

राहायची खोली कॅफेच्या वर. कॅफे बर्नाडीनचा. तिनं मला नीट न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "नवरा?" मी म्हटलं, वारला, दीड वर्ष झालं. "मग आधी खाऊन घे," म्हणाली, आणि आंबटगोड रूबार्ब पेस्ट्रीचा हा एवढा तुकडा पुढे ठेवला. तिचा नवरा काउंटरवरून ओरडला, "तिला दोन दे, तोंड भरलेलं असेल तोवर तरी ती मला नावं ठेवणार नाही." खूप दिवसांनी हसले.

११ सप्टेंबर, सोमवार

इतिहासाचं पहिलं पान लिहिलं. १९५४ साली ऑर्व्हिलच्या वडिलांनी ट्रॅक्टरच्या दुकानामागच्या शेडमध्ये स्टेशन सुरू केलं. एवढंसं गाव स्वतःचं असं काय दाखवणार? बातम्या, हवामान, धान्याचे भाव, रविवारची प्रार्थना. बाकी सगळं न्यूयॉर्कहून तारेतून येतं. ज्या नेटवर्कशी करार, त्याचे कार्यक्रम. करार संपला की दुसरं नेटवर्क शोधायचं. चॅनल पाचनं आजवर तीन नेटवर्कं पाहिली. पहिलं १९५६ मध्ये बुडालं. दुसऱ्यानं १९७७ मध्ये सोडलं. तिसरं चालू आहे.

१९५६ मध्ये पहिलं बंद पडल्यावर दुसरं सुरू व्हायला अकरा दिवस लागले. १९७७ मध्ये सहा. त्या दिवसांच्या नोंदवहीत प्रत्येक तासापुढे एकच शब्द आहे: स्थानिक. काय स्थानिक, ते लिहिलेलं नाही. डेलमारला विचारलं. तो इथला इंजिनीअर, छप्पन्नपासून आहे. म्हणाला, कोणीतरी बसून बोलत होतं, एवढंच ठाऊक. मी विचारलं, तू ऐकलं नाहीस? "मी चित्र बघतो. आवाज बंद ठेवतो," तो म्हणाला आणि डबा उघडून सँडविच खायला लागला.

१४ सप्टेंबर, गुरुवार

तळघरात प्रेक्षकांच्या पत्रांची खोकी सापडली. १९५६ च्या खोक्यात शेकडो. सगळी अडेलिया क्रान्झ नावाच्या मुलीला. ती इथे फोन घ्यायची. पडदा कोरा राहिला तर लोक दुसऱ्या चॅनलकडे जातील आणि परत येणार नाहीत, म्हणून थोरल्या स्टेन्सरुडांनी तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि सांगितलं, बोल. सुचेल ते बोल. ती अकरा दिवस बोलली. आईची बाग, भावाचा गोवर, पहिली शाळा.

सुरुवातीची पत्रं साधी आहेत. छान बोलतेस, आईला नमस्कार सांग. शेवटच्या दिवसांतली वेगळी. एका शेतकऱ्यानं लिहिलंय, "आईच्या बागेतल्या वाटाण्यांचा वास आज सकाळपासून येतोय. मी तिच्या मागे टोपली घेऊन चालायचो." दुसऱ्या एका बाईनंही तीच बाग लिहिली आहे. तीच टोपली. जणू ही आठवण तिचीच.

१७ सप्टेंबर, रविवार

ऑर्व्हिल दर रविवारी दुपारी गावच्या वृद्धाश्रमात जातात. आज मला नेलं. अडेलिया तिथेच असते. आता सदुसष्ट वर्षांची. खुर्चीत बसलेली, समोर टीव्ही. केस विंचरलेले, नखं कापलेली. चेहरा धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा. ऑर्व्हिल तिला चमच्यानं पेस्ट्री भरवत होते आणि गव्हाबद्दल बोलत होते. ती तोंड उघडत होती, मिटत होती. मी माझं नाव सांगितलं, तिचं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्यामागच्या भिंतीकडे, तशाच नजरेनं.

नर्स म्हणाली, एकोणचाळीस वर्षं अशीच आहे, डॉक्टरांना आजार काही सापडला नाही. १९७७ मध्ये बोलायला बसला होता तो हवामानवाला वेन्डेलही शेवटपर्यंत इथेच होता, शेजारच्या खोलीत.

परत येताना ऑर्व्हिल गाडी सावकाश चालवत होते. मग म्हणाले, "वडिलांनी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. विचारलं होतं. ती हो म्हणाली."



२१ सप्टेंबर, गुरुवार

तिसरं नेटवर्क आम्हाला सोडून चाललं. मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टेशनशी त्यांनी करार केला. शनिवार ३० तारीख शेवटची. नवं नेटवर्क ९ ऑक्टोबरला सुरू. मधले आठ दिवस तारेतून काहीच येणार नाही. संध्याकाळी जुने सिनेमे लावता येतील. दिवसाचे तास रिकामे.

ऑर्व्हिलनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं, कॉफी दिली. म्हणाले, मार्लिस, मी तुम्हाला विचारतोय.

मला कळलं नव्हतं असं इथे लिहिणार नाही. कळलं होतं. "शांत स्वभावाची" व्यक्ती का हवी होती तेही कळलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. नाही म्हणालात तर मी स्वतः बसेन, म्हणाले, पण माझ्याजवळ सांगण्यासारखं फार नाही. मी चार दिवस मागितले.

२५ सप्टेंबर, सोमवार

एक गोष्ट लिहून ठेवते, आजवर कोणाला सांगितली नाही. ड्वेन, माझा नवरा, गेला त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. ट्रकच्या हीटरवरून, क्षुल्लक. तो मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर निघाला. दारात थांबला. म्हणाला, येतो. मी बटाटे सोलत होते. मान वर केली नाही. तो आणखी थोडा थांबला, मग दार लागलं. दुपारी बर्फ फुटून ट्रक त्याच्यासकट पाण्यात गेला.

दीड वर्ष मी रोज बटाटे सोलतेय.

एवढी एकच गोष्ट त्या पडद्याला देऊन टाकायची. बाकी हवापाणी, पाककृती, इकडचं तिकडचं बोलून वेळ काढता येईल. ऑर्व्हिलना हो सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

डेलमार जेवणाच्या सुट्टीत आला. म्हणाला, उद्या दुपारी एक वाजता बस आहे. मी म्हटलं, मी हो म्हटलंय. तो म्हणाला, "तीही म्हणाली होती. मी तेव्हा तिच्याबरोबर फिरायला जायचो." मग टोपी घालून गेला.

१ ऑक्टोबर, रविवार

दहा ते चार. दिवा, टेबल, पाण्याचा पेला. काचेपलीकडे डेलमार, कानावर हेडफोन नाही. पहिला तास पाककृती सांगितल्या. मग गप्प झाले, आणि त्या शांततेत तोंड आपोआप उघडलं. बटाटे, दार, सगळं सांगितलं. रडू आलं नाही.

बाहेर आले तेव्हा अंग हलकं. फक्त बोटांच्या टोकांना मुंग्या.

२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी कॅफेत बर्नाडीन कॉफी ओतता ओतता थांबली. डोळे भरलेले. म्हणाली, "तो दारात थांबला होता गं. मी मान वर केली नाही. बटाटे सोलत बसले." तिचा नवरा काउंटरवर अंडी खात होता. त्याचेही डोळे लाल. त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, माझंही तसंच झालं. कोपऱ्यातला ट्रकवाला मान हलवत होता.

मला वाटलं, बिचारी. काय झालं असेल तिचं.

वर येऊन वही चाळली. २५ तारखेचं पान दोनदा वाचलं. अक्षर माझं आहे. नीट लिहिलंय. दुसऱ्या कोणाच्या घरातलं वाटतं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

ठरवून गेले होते, फक्त हवामान बोलायचं. वीस मिनिटं जमलं. मग आई आली, वडिलांचं सुतारकाम, तळ्यावरची पिवळी होडी, लग्नाच्या दिवशीची गारपीट. थांबवता येत नाही. दार उघडं आहे आणि आतलं सामान एकेक करून बाहेर.

दुखत नाही. हे मुद्दाम लिहिते. काहीच दुखत नाही.

हात मनगटापर्यंत बधिर. पेन बघून धरावं लागतं.

४ ऑक्टोबर, बुधवार

पत्रं यायला लागली. ऑर्व्हिलनी गठ्ठा दिला. प्रत्येकात पिवळी होडी. सगळे तीत बसलेत. छान लिहितात.

त्यांना म्हटलं, पुरे करू या. ते म्हणाले, चालेल, लगेच सोडून येतो, कुठे सोडू? मी सांगायला तोंड उघडलं. गावाचं नाव —

ते थांबले. मी थांबले. मग ते म्हणाले, उद्या दहाला.

५ ऑक्टोबर, गुरुवार

फोन आला. कोरिन म्हणून कोणी. रडत होती. ताई, ताई म्हणत होती. वहीत पाहिलं, पहिल्याच पानावर आहे. बहीण असणार. म्हणाली, शनिवारी गाडी घेऊन येते, तोवर तिथे बसू नकोस.

बसू नकोस, असं कागदावर लिहून आरशाला चिकटवलं.

साडेनऊला पाय जिना उतरत होते. मी नव्हते उतरत.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज लहानपण गेलं. कोरिनही त्यातच होती, दोन वेण्यांची — आता नाही.

ओठ बधिर. तरी आवाज चांगला येतो, ऑर्व्हिल म्हणाले. पहिल्यापेक्षा चांगला.

७ ऑक्टोबर, शनिवार

एक बाई आली. सकाळी. मी कॅमेऱ्यासमोर टेबलापाशी होते. तिला खाली कॅफेत थांबायला सांगितलं. तिथे टीव्ही चालू असतो.

चारला गेले. ती बसली होती, कॉफी गार, तोंड जरासं उघडं. चेहरा शांत. तिनं मला शेजारी बसवलं आणि सांगायला लागली — तिला एक धाकटी बहीण होती, दोन वेण्यांची, ती तिला पिवळ्या होडीत बसवायची. नवऱ्याचंही सांगितलं. दार. बटाटे. मी ऐकलं. चांगली बाई.

मग उठली. कशाला आले होते, म्हणाली, आणि हसली. गाडीत बसताना काच खाली केली. "बाई, फार छान बोलता तुम्ही."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत डेलमार रस्त्यात उभा होता. मग आत आला, भिंतीला टेकून खाली बसला. त्याला पाणी दिलं. का दिलं —

८ ऑक्टोबर, रविवार

अकरालाच संपलं. सांगायला काही नाही. ऑर्व्हिल म्हणाले, वही आणा. वाचा.

वाचलं. एक बाई बसमधून उतरली. ऊन होतं. कोणीतरी पेस्ट्री दिली. ती हसली. पान वाचून झालं की अक्षरं असतात, पण —

वही वाचून संपली. अजून दीड तास. ऑर्व्हिल काचेपलीकडे, हातात टोपी. म्हणतात समोर दिसेल ते लिहा आणि वाचा. थोडंच राहिलंय. उद्यापासून न्यूयॉर्क.

दिवा. वाचला.

टेबल. वाचलं.

पेला — पाणी —

हात. पेन धरलेला. लिहितो. कोणाचा विचारलं. म्हणाले तुमचाच, मार्लिस.

मग तेही सांगते. हा हात माझा. मी मार्लि