पट्टी ओढली का दिवा वाढते

२८ ऑगस्ट
तिगावच्या मास्तरणीचं कार्ड झालं एकदाचं. उघडलं का केक उभा राहते, खालची पट्टी ओढली का माकड टाळ्या वाजवते. नवऱ्याच्या वाढदिवसासाठी पाह्यजे म्हणे. मी म्हटलं, माकडाले चष्मा लावू का, ओळखू तं आलं पाह्यजे. खदखदून हासली. बाई चांगली आहे.

कागद दमट झाला. रिकाम्या रिफिलनं रेघ दाबून मोडला तरी घडी बसत नाही. दाबून ठेवलेलं कार्ड आपोआप उघडते. वर मसाल्याचा पाटा ठेवला.

तेलाची शिशी पुन्हा संपली. सुनेले बोलली. सीमा म्हणे, "आई, मी शिवलीबी नाही." मंग काय उंदीर पिते?

३१ ऑगस्ट
सौसरचे पाहुणे येऊन गेले. सीमाचं ठरलं. माणूस दवाखान्यात नोकरीले, बायको वारली, लेकरू नाही. बोलते कमी, चहा बशीत ओतून पिते. मले पसंत. सून असली म्हणून काय जन्मभर माझ्या कैचीले धार लावत बसन? दसरा झाला का चार माणसांत उरकायचं.

नणंद शांता तोंड वाकडं करून म्हणे, "वहिनी, विनोदले जाऊन दोनच साल झाले." मी म्हटलं, "मंग त्याले विचारून येतं का?"

नात आरू मायसंग सौसरले जाईन, तिथं शाळा पाह्यली त्यानं. हे मोठ्यांनी ठरवलं. पोट्टी म्हणे, मी नाही जात, मी आजीजवळ राहीन. सगळे समजावून राहिले. मी नाही समजावलं. मले बरं वाटलं. खोटं कायले लिहू.

३ सप्टेंबर
कोऱ्या कागदासाठी विनोदची पेटी काढली. पोरगा गेल्यापासून तळापर्यंत हात घातला नव्हता. खाली एक कार्ड सापडलं, अर्धं. आत पेन्सिलनं आरूचं नाव.

घर आहे. उघडलं का उभं होते. दारात दिवा. ज्योत कापून पट्टीले चिकटवलेली. पट्टीसाठी खालची चीर कापली, वरची नुसती आखून सोडली.

खालच्याच चिरीतून पट्टी घेतली तं ओढल्यावर ज्योत दिव्यात बुडते. केकवरची मेणबत्ती फुकल्यावानी. वरची चीर कापून पट्टी तिच्यावरून वळवली तं ओढल्यावर ज्योत वर येते. दोन्ही होऊ शकते. त्याच्या मनात काय होतं, कोणाले माहीत.

मेला तं मेला. चीर तं कापून जायाची होती.

१६ ले आरूचा वाढदिवस. तवर पुरं करते. पाट्याखाली ठेवलं.

६ सप्टेंबर
जेवण करून आडवी झाली होती. कच्. कच्. कापायच्या आधी रिकामी कैची दोनदा वाजवायची वि.ची सवय. लहानपणापासून. मी खेकसायची, घरात भांडण लागते म्हणून. उठून पाह्यलं, कैची खिळ्याले टांगलेली. नळ टपकला असन. पण नळ कालपासून कोरडा आहे.

पाटा जागेवर. कार्ड त्याच्याखाली नाही. बाजूले, उघडं, घर उभं.

सीमा सामान आणाले दुकानात. आरू शाळेतून येऊन दप्तर फेकून खेळाले गेलेली.

देवाजवळ गेली तं दिवा जळून राहिला. मोठा, भडकलेला. सकाळी मी इवलीशी वात लावली होती, ती केव्हाच शांत व्हायले पाह्यजे होती.

मोठ्यानं म्हटलं, "काय पाह्यजे तुले?" गेला त्या दिवशी जेवलाबी नव्हता. लोधीखेड्याले कार्डं देऊन येतो म्हणे, मंग जेवतो. ट्रक वळणावरच उभा होता म्हणतात. थैली घरी आली तं आतले कार्डं जशेच्या तशे, एक कोपरा दुमडला नव्हता.

कार्ड पुन्हा पाट्याखाली ठेवलं.

८ सप्टेंबर
पितर लागले. शांता सकाळी सकाळी सांगाले आली, यंदा आरूचा वाढदिवस पितरात येते, करू नोको. मी म्हटलं, "मंग दसऱ्यापर्यंत पोट्टीले सातचीच ठेवू का?"

देवाच्या कोनाड्यावरची काजळी घासली. दिवाळीले चुना मारला होता तरी पुन्हा काळं. या वेळी आकार आला आहे. माणूस वाकून बसल्यावानी. वि. कार्ड कापाले तसाच बसे. मान खाली, एक खांदा वर.

फडकं पाण्यात पिळलं अन् पुसलं. खांदा राहिला.

१० सप्टेंबर
आजचं आज लिहितेच.

वरची चीर कापू का नोको, ठरेना. शेवटी आरूलेच विचारलं. म्हटलं, एक कार्ड आहे, दिव्याचं, पट्टी ओढली का काय झालं पाह्यजे?

"दिवा वाढला पाह्यजे."

"वाढला म्हणजे?"

"म्हणजे मोठा झाला. आजी, तुले एवढंबी समजत नाही?"

मी हासली. मंग ती म्हणे, "तूच तं सांगितलं होतं. पप्पाले आणलं त्या दिवशी. जा आरू, देवाजवळचा दिवा वाढव."

सांगितलं होतं. घरात मयत, देवाजवळ दिवा ठेवत नाहीत. विझव म्हणता येत नाही, वाढव म्हणतात. माझ्या मायनं मले तसंच सांगितलं असतं. कामाच्या रगाड्यात मी पोरीकडं पाह्यलंच नाही.

"मंग तू काय केलं?"

"वाढवला. वात वर केली. सगळं तेल ओतलं."

तेव्हापासून रोज शाळेतून आली का वाढवते. म्हणून शिशी रिकामी. म्हणून काजळी. म्हणून भर दुपारी भडकलेला दिवा.

"अन् शांताआजी म्हणे, सीमाच्या बांगड्या वाढवा. तू बोंबलली, हात लावाल तं पाहा. मम्मीच्या तशाच राह्यल्या. त्याबी वाढवू देल्ल्या असत्या तं..."

मले दोष देऊन राहिली होती. दोन साल मनात धरून.

मी विचारलं, "म्हणून सौसरले जात नाही?"

"मी गेली तं कोण वाढवन? तू तं बारीक करून ठेवते."

माझ्यासाठी नाही राहून राहिली पोट्टी.

११ सप्टेंबर
सांगायचं का नाही.

नाही सांगितलं तं ती इथंच राहते. माझ्या ताटात जेवन, माझ्या पाठीले पाठ लावून निजन. मोठी होईन तं आपोआपच समजन. सगळ्यांले समजते.

सीमाले बोलली नाही. ती पिशव्या भरून राहिली, आरूचे फ्राक वेगळे ठेवते, पुन्हा आपल्यात घालते, पुन्हा काढते. मले विचारे, "आई, तुमी तरी सांगा ना तिले." मी म्हटलं, पाहू.

आज दुपारी मुद्दाम कोनाड्याजवळ बसली. पोट्टी आली, चप्पल बाहेर, पाय धुतले. स्टूल ओढलं. माझ्याकडं पाह्यलंबी नाही, जसं काही मी पाट्यावानी पडलेली आहे. वात वर केली, तेल ओतलं, एक थेंब सांडू देल्ला नाही. मंग ज्योतीकडं पाहत उभी राहिली. वाट पाहून राहिली होती.

कोणाची ते लिहीत नाही.

मी घरात भूत शोधून राहिली, अन् भूत दप्तर घेऊन शाळेत जाते.

१३ सप्टेंबर
सांगितलं.

चीर आधी कापली. नवीन ब्लेड लावलं, आखल्या रेघेवर, एका दमात. पट्टी वरून वळवली. ओढली का ज्योत वर येते. आत लोटली का बुडते. कागद आज कडक होता, पट्टी सरसर गेली.

आरूले जवळ घेतलं नाही, समोर बसवलं. जवळ घेतलं तं खोटं निघते तोंडातून. पट्टी ओढली. "याले तू काय म्हणतं?"

"वाढवला."

पट्टी लोटली, ज्योत गेली. "मोठे लोक यालेच वाढवला म्हणतात."

"खोटं."

"विझला म्हणाले जीभ कचरते म्हणून उलटं बोलतात. नारळ फोडतात अन् वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तरी वाढवली. बाजारातला बनिया शटर पाडते अन् म्हणते, दुकान बढ़ा दी. मी तुले दिवा बंद कर म्हटलं होतं, आरू. मोठा कर नाही. तू काही चुकली नाही, बोलणारे चोर आहेत. अन् दिवा केवढाबी केला असता तरी तो येणार नव्हता."

लय वेळ पट्टी आत-बाहेर करून राहिली. रडली नाही. माझी नात आहे. मंग म्हणे, "आजी, मंग वाढदिवस म्हणजे?"

साठ साल होऊन गेले मले तो शब्द ऐकताना. कधी असा कानात शिरला नव्हता.

म्हटलं, "तो खरा वाढते. तो एक खरा आहे."

"नक्की?"

"नक्की."

पोरीनं मान हालवली. पण माझ्या तोंडाकडं पाहून राहिली, तपासून घेतल्यावानी.

१४ सप्टेंबर
आज कोनाड्याकडं गेली नाही. दप्तर फेकलं, खेळाले गेली.

दुपारी दिवा आपल्या वेळेवर शांत झाला. घरात एवढा अंधार होते दुपारचा, मले ठाऊक नव्हतं.

कच्. कच्.

नळाले पाणी आहे आज. नळच असन.

१६ सप्टेंबर
वाढदिवस केला. शांता नाही म्हणत म्हणत आली, सगळ्यांत जास्त शिरा तिनंच खाल्ला. सौसरचा पाहुणाबी आला, मोठा केक घेऊन, वर मेणबत्त्या. सीमा काडी लावाले गेली, आरू म्हणे, लावू नोको. फुकायच्या नाहीत. पाहुणा बिचारा गोंधळला, मंग त्यानं एकेक मेणबत्ती काढून खिशात ठेवली. का म्हणून विचारलं नाही. तिथं मले तो माणूस खरा आवडला.

मी ओवाळलं. मंग कार्ड देल्लं. "पप्पानं सुरू केलं, मी पुरं केलं. चुकलं असन तं मले बोल, त्याले नाही."

तिनं उघडलं. घर उभं झालं. दार, दारात दिवा. सीमानं त्याचा हात ओळखला, पदर तोंडाले लावून आत गेली. आरूनं पट्टी ओढली. ज्योत वर आली. तशीच धरून ठेवली तिनं, बोट पांढरं पडेस्तोवर. आत लोटली नाही.

"आजी, पप्पाले असंच पाह्यजे होतं?"

"माहीत नाही."

"त्यानं आखलं होतं ना वर?"

"आखलं होतं. कापलं नव्हतं."

सगळे गेल्यावर मले म्हणे, "मी जाते मम्मीसंग. कार्ड तुझ्याजवळ राहू दे. त्याचं घर इथं आहे." म्हटलं, "जा. अन् तिथं वचवच बोलू नोको."

८ ऑक्टोबर
लग्न उरकलं परवा. काल गेले. सीमा पाया पडताना उठेच ना, मी म्हटलं, ऊठ बाई, बस निघन. बांगड्या वाजून राहिल्या तिच्या. त्याच, जुन्या. नव्याबरोबर तिनं त्याबी ठेवल्या. पाहुण्यानं पिशव्या उचलल्या.

घर मोठं झालं. रिकामं म्हणत नाही मी. पाहा, मीबी तसलीच, उलटं बोलणारी.

मास्तरणीची नवीन ऑर्डर आहे, बहिणीच्या पोरीसाठी फुलपाखरू. कागद घेतला, घडी कोणत्या अंगानं बसते ती नस पाह्यली, कापाले बसली. हात आपोआप कैची दोनदा वाजवून गेला. तशीच बसून राहिली.

कार्ड पाट्याखाली आहे. मी ठेवलं होतं पट्टी आत लोटून. आज पाह्यलं तं पाट्याखालून पट्टी बोटभर बाहेर.

चार वाजता आरूचा फोन आला. शाळा चांगली आहे, मास्तर बोबडं बोलते, पाहुण्याले पप्पा नाही म्हणत, काका म्हणते. मंग आवाज बारीक करून विचारलं, "आजी, दिवा वाढवला का?"

कोणता वाढवला, तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"हो बाई," म्हटलं, "वाढवला."

"बरं झालं," म्हणे, अन् फोन ठेवला.

पाटा उचलून बाजूले ठेवला. उघडायचं असन तं उघडू दे.