पऱ्हाट्यांचा नॅनोकार्बन

२ फेब्रुवारी, सोमवार
काल अंबाजोगाईला कार्यशाळा. विषय: शेतातल्या टाकाऊ मालापासून कार्बन नॅनोमटेरियल आणि पाण्याचं शुद्धीकरण. पहिल्या रांगेत बसलो. चहाच्या आधीचं सगळं समजलं. चहानंतर स्लाइड भराभर गेल्या, पण मुद्दा कळला. हवा न देता जाळायचं. एकवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय, एवढं जमणारच.
आमच्या वस्तीच्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त. बायकोचे, सत्यशीलाचे गुडघे चाळिशीतच गेले. लेक सायली हसताना तोंडावर हात धरते, दातांवर पिवळे डाग. हे आता बंद.
संकल्प: १ मेच्या ग्रामसभेपर्यंत वस्तीला शुद्ध पाणी.

७ फेब्रुवारी
कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या ड्रममध्ये भरून झाकण लावून पेटवल्या. धूर अपेक्षेपेक्षा जास्त. मेंढरं सोडून फाट्यावरचा म्हाळू बादली घेऊन पळत आला, सगळं विझवलं. परत पेटवलं. संध्याकाळी झाकण काढल्यावर तो म्हणाला, "सर, ह्यो तर कोळसा हाय." मी म्हणालो, नॅनो आहे. म्हणाला, कुठं हाय? म्हणालो, डोळ्यांना दिसत नाही. बराच वेळ बघत बसला आणि हसला. अज्ञान.

१५ फेब्रुवारी
बारीक करायला कार्यशाळेत खास मशिन सांगितलं होतं. आपल्याकडं मिक्सर आहे. सत्यशीला सप्त्याला गेलती. काम उत्तम. मिक्सर धुतला.

१६ फेब्रुवारी
नीट धुतला नव्हता. शेंगदाण्याची चटणी काळी झाली. ती म्हणाली, अहो, ही अशी कावून दिसायलीय? मी म्हणालो, काऱ्हळाची वाटते. तिनं खाल्ली नाही. मला खावी लागली.

३ मार्च
माठात खाली फडकं, वर वाळू, वर कार्बन. बोअरचं पाणी ओतलं. खालून काळं पाणी आलं. म्हणजे कण इतके बारीक की फडक्यातूनही जातात. नॅनो असल्याचा पुरावा मिळाला.

४ मार्च
सायलीचा फोन. अंबाजोगाईला एम.एस्सी. केमिस्ट्री करते. म्हणाली, पप्पा, फ्लोराइडला साधा कोळसा धरत नसतो, अन् टेस्ट केल्याशिवाय कुणाला पाजू नका. कॉलेजात पुस्तकीच शिकवतात. टेस्टचं मात्र माझ्या प्लॅनमध्ये आधीपासून होतं. (आज लिहून ठेवलं.)

२९ मार्च, रविवार
तीन आठवडे धुतल्यावर पाणी नितळ! दोन बाटल्या भरल्या: 'आधी' आणि 'नंतर'. सत्यशीला उद्या गुडघे दाखवायला अंबाजोगाईला चालली आहे. सायलीकडं देईल, ती लॅबला देईल.

१० एप्रिल
रिपोर्ट आला. फ्लोराइड दीडच्या आत पाहिजे. आधी: ३.१. नंतर: ०.५.
चार वेळा वाचला.
पेढे वाटले. सरपंच छबुबाईंनी ग्रामसभेत विषय घेतला. भाषण लिहायला घेतलं, सहा पानं झाली. सायली फोनवर एवढंच म्हणाली, कसं शक्य हाय? मी म्हणालो, चिकाटी.

१८ एप्रिल, सकाळ
सत्यशीलासमोर भाषणाची तालीम. दुसऱ्या पानावर म्हणाली, जरा बसा. बसलो. 'नंतर'ची बाटली फाट्यावर तिच्या हातून सांडली होती. एस.टी. यायची होती. म्हणाली, तुमी लई कष्ट घेतलते, रिकामी बाटली कशी न्यायची? म्हणून तिथल्याच म्हाळूच्या विहिरीतून भरून घेतली. आधी का सांगितलं नाहीस विचारलं. म्हणाली, तुमी पेढे आणून बसलते.
किरकोळ तांत्रिक अडचण. खरं पाणी आजच लॅबला पाठवलं.

२५ एप्रिल
खरं 'नंतर': ३.१.
नॅनोनं फ्लोराइडला हात लावलेला नाही.
जेवलो नाही. सायली आली. म्हणाली, पप्पा, ते सोडा, त्या विहिरीचं बघा. दोघं म्हाळूकडं गेलो. जुनी, उथळ विहीर, अर्धी गाळानं भरलेली. त्याला तोंड उघडायला लावलं. पन्नाशीचा माणूस, जन्मभर हेच पाणी प्यायलेला. दात पांढरेशुभ्र. फेब्रुवारीपासून माझ्यासमोर हसत होता.

१ मे, ग्रामसभा
सहापैकी पाच पानं घरीच ठेवली. रिपोर्ट वाचला, बाटलीचंही खरं सांगितलं. लोक हसले. म्हाळू उभा राहून म्हणाला, विहीर घ्या, फक्त माझ्या मेंढरांची कुंडी भरलेली ठेवा. ठराव एकमतानं पास: गाळ काढायचा, पाणी पुन्हा तपासायचं, वस्तीत पाइपलाइन आणायची. छबुबाईंच्या हस्ते म्हाळूला फेटा अन् सत्यशीलाला साडीचोळी. टाळ्या वाजवल्या. गाळ काढायच्या कमिटीत पहिलं नाव माझं. अनुभव बघून घेतलं असणार.

३ मे, रविवार
सकाळी सातपासून विहिरीत, गुडघाभर चिखलात. वर बायकांचा घोळका. शेजारगावची एक पाहुणी विचारत होती, हे पाणी चांगलं हाय म्हणून शोधलं कुणी? कुणीतरी म्हणालं, ह्या सत्यशीलाबाईनं.
मी खालून ओरडून सांगितलं की संशोधन मुळात माझं आहे.
आवाज वर नीट गेला नसावा. "सर म्हणायलेत गाळ लई हाय," छबुबाई म्हणाल्या, "अजून एक टोपलं सोडा."
टोपलं आलं. भरलं.