रिकाम्या घरातली ओवी

२ डिसेंबर
पोचले एकदाची! तोंडवलीजवळचं गाव, विमलाकाकींचं कौलारू घर आणि ताटात तळलेले बांगडे. पुण्यातल्या आमच्या प्रदर्शनात व्हीआरचा चष्मा चढवला की माणूस थेट काकींच्या स्वयंपाकघरात, आणि काकी ओवी म्हणत नारळ खोवताहेत! आज त्यांचं वावरणं टिपलं, ओवीच्या एका कडव्यावर आलेल्या खोकल्यासकट. चाचणीसाठी ही वही लिहिताना मलाही टिपलं. चष्म्यात स्वतःला पाहून काकी इतक्या हसल्या, की पुन्हा खोकल्याची उबळ आली. फार गोड बाई, पहिल्याच दिवशी लळा लावला.

४ डिसेंबर
उद्यापासून गावपळण. देवाचा कौल मिळाला, आता अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहणार. तोवर घरं ‘त्यांची’, म्हणजे भुताखेतांची. कुत्री-कोंबड्यासुद्धा न्यायच्या. काकींनी बजावलं, “आपला काय्येक मागे ठेवू नको गो. बघून शिकतत ते.” मी मान डोलावली आणि माळ्यावर कॅमेरा चालू ठेवला. असं रिकामं घर टिपायची संधी कोण सोडतंय? गडबडीत चष्मा खाटेवर राहिला.

६ डिसेंबर
झोपडीत धमाल आहे. माझ्या टाचेत शिंपला घुसला. काकींनी पदर फाडून पट्टी बांधली आणि त्या नादात पेजेच्या टोपाला स्वतःचा हात भाजून घेतला. हा मोठा फोड! आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणून सगळे चिडवतात.

८ डिसेंबर
घरी. ही वही वेशीवर पडलेली मिळाली, कशी पडली कोण जाणे. चष्मा भलत्याच खोलीत, बॅटरी संपलेली. कॅमेऱ्यात पाहिलं तर काकी चुलीपाशी नारळ खोवताहेत. पण त्या झोपडीत होत्या, वर लिहिलंच आहे! हा सर्वेशचा चावटपणा. पुण्यात बसून आमचं चित्रण जोडतो तो. फोनवर शपथेवर म्हणाला, की या फायली त्याच्याकडे पोचल्याच नाहीत. माझा नाही विश्वास.

९ डिसेंबर
सर्वेश खरं बोलत होता. काकी सकाळपासून तीच ओवी म्हणताहेत, टिपलेली. खोकतात तेही त्याच कडव्यावर. आणि हाताला फोड नाही. डागसुद्धा नाही. मला भीती वाटतेय. खऱ्या काकी बाहेरच राहिल्या असतील तर — आणायला हवं त्यांना.

१० डिसेंबर
वेशीबाहेर गेले. मोडक्या झोपडीत काकी. हाताला फोड. घरी चला म्हटलं — मला बघून किंचाळल्या, “घर घेतलात, आता हंय पण इलात?” शेजारी बसलेल्या मुलीला घट्ट धरलं. तिच्या टाचेला काकींच्या पदराची पट्टी —

पळत आले. चप्पल काढली. टाच साफ.

शिंपल्याचं वर वाचलं. वाचलं म्हणून माहीत. आठवत नाही — बांगडे नाहीत, झोपडी नाही —

आतून ओवी. आता खोकतील. खोकल्या.

चाचणीत मी वही लिहीत होते. तेवढंच शिकलेय. थांबता ये